दात ढिले कोण करते?

‘दात साफ करून घेतले की ते हलू लागतात’ ही समजूत पिंपळनेरपासून मुंबईपर्यंत ऐकू येते. तिच्यापायी हिरड्यांतून रक्त येत असतानाही माणसे दवाखान्याची पायरी चढत नाहीत आणि पुढे दात गमावून बसतात. ती तपासायची तर कीटण खरवडण्याचा इतिहास पाहायला हवा.

सुश्रुतसंहितेत कीटणाला ‘दंतशर्करा’ म्हटले आहे. येथे शर्करा म्हणजे बारीक खडे. ते काढण्यासाठी ‘दंतशंकू’ हे शस्त्र सांगितले आहे. दातांच्या मुळांना इजा न करता खडे काढावेत, मग लाखेचे चूर्ण मधातून चोळावे, अशी सूचना आहे. सूचना उत्तम, पण तिच्यावरून सुश्रुताला जंतू ठाऊक होते असा अर्थ आम्ही काढणार नाही. दातांवरच्या पांढऱ्या लेपातील जंतू हॉलंडच्या लेव्हेनहूक यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले.

एकोणिसाव्या शतकात रोगट हिरडी कापून टाकण्याचा प्रघात होता. अमेरिकेतील हार्टफर्डचे दंतवैद्य जॉन रिग्ज यांनी १८७६ मध्ये त्याला विरोध केला. (१८४४ मध्ये होरेस वेल्स यांची दाढ नायट्रस ऑक्साइडच्या गुंगीत काढणारे ते हेच.) हिरडी न कापता तिच्याखाली हत्यार नेऊन मुळावरचे खडे काढावेत, असे त्यांचे म्हणणे. आजची खोल सफाई याच वाटेने आली. मध्येच उलटा वाराही वाहिला. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी तोंडातील जंतूंवर शरीरभरच्या रोगांचा ठपका ठेवला, आणि पुढची काही दशके वाचवता येण्याजोगे असंख्य दात उपटले गेले.

खरा दोषी कोण, हे डेन्मार्कमधील आरहूस येथे ठरले. हाराल्ड लो व सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे थांबवायला सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणे सुरू करताच आठवडाभरात पूर्ववत झाल्या. हे १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे मूळ कारण जंतूंचा मऊ लेप. तोच लाळेतील क्षारांनी घट्ट होऊन कीटण बनतो, आणि त्याच्या खरबरीत पृष्ठावर नवा लेप सहज धरतो.

हिरडी नुसती सुजली असेल तर ती बरी होते. दात व हिरडी यांमधली फट ४ मिलिमीटर किंवा अधिक खोल गेली, की ब्रश तेथे पोहोचत नाही. खालचे हाडही झिजू लागलेले असते. झिजलेले हाड सफाईने परत येत नाही, पण झीज बहुधा थांबते.

मग दात हलतात ते का? कीटणाच्या थराने शेजारशेजारचे दात एकमेकांना जखडलेले असतात. तो निघाला, सूज ओसरली, की आधीच झालेली हाडाची हानी उघडी पडते. मुळे फार खरवडण्याचीही गरज नसते. जंतूंचे विष मुळात खोल मुरलेले नसून वरवर चिकटलेले असते, असे १९८० च्या दशकातील प्रयोगांत दिसले. तेव्हापासून हत्यार हलक्या हाताने चालवण्याकडे कल आहे.