पिशवीतला कायदा

कांदिवली पूर्वेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने चढत गेलेल्या वस्त्यांत घरोघरी एक पिशवी असते. साडीच्या दुकानातली, नाहीतर औषधवाल्याने दिलेली. आत शिधापत्रिका, मतदार यादीच्या पानाचा झेरॉक्स, जुनी वीजबिले, मुलांचे शाळेचे दाखले. नशीब असेल तर १९७६ च्या झोपडपट्टी गणनेतला फोटोपास. पाणी शिरो, आग लागो की तोडकामवाले येवोत, घरातल्या बाईचा हात आधी या पिशवीकडे जातो. मानवी हक्क आणि न्यायालयीन लढे हा विषय नव्याने अभ्यासायला घेणाऱ्यांचे स्वागत मला ग्रंथालयाच्या दारात नव्हे, या पिशवीपाशी करायचे आहे.

कारण या शाखेचा मूळ प्रश्न तिथेच आहे. हक्क निकालपत्रात जाहीर होतो. तो मिळतो की नाही, ते कागद ठरवतो.

जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या गावी धाडण्याचे जाहीर केले. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि खुद्द पदपथवासी न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितले, की अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. विद्यार्थी बहुधा इथवर वाचतात आणि पुस्तक मिटतात. निकाल मात्र पुढे चालू राहतो. पदपथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकार न्यायालयाने मान्य केला; साधारण नियम म्हणून आधी नोटीस आणि म्हणणे मांडायची संधी हवी, असे बजावले; पावसाळ्यात लोक उघड्यावर पडू नयेत म्हणून कारवाई ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत थांबवली. पर्यायी जागा मिळणार होती ती मुख्यतः १९७६ च्या गणनेत नोंद असलेल्यांना. तत्त्व सगळ्यांच्या वाट्याला आले, जागा गणनेत नोंद असलेल्यांच्या.

दहा वर्षांनी जनहित याचिकेचा तोच रस्ता दुसऱ्या बाजूने वापरला गेला. १९९५ मध्ये ‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप’ने उद्यानातली अतिक्रमणे हटवावीत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. जंगल वाचावे ही मागणी खोटी नव्हती. मुंबईला पाणी पुरवणारे विहार आणि तुळशी हे तलाव याच डोंगरांत आहेत. ७ मे १९९७ च्या आदेशानंतर प्रश्न यादीवर आला. १ जानेवारी १९९५ च्या मतदार यादीत नाव असेल तर पुनर्वसन, नसेल तर बेदखल. पात्र कुटुंबांनाही सात हजार रुपये भरायचे होते. पुढच्या काही वर्षांत हजारो झोपड्या पडल्या. ‘निवारा हक्क सुरक्षा समिती’ने रस्त्यावर आणि न्यायालयात लढा दिला, निवृत्त न्यायमूर्ती होस्बेट सुरेश आणि राजिंदर सच्चर यांनी लोकन्यायाधिकरणातून या तोडकामाची चौकशी केली. चांदिवलीत पात्र कुटुंबांसाठी जी वसाहत उभी राहिली, तिचे नाव संघर्षनगर. इथे एका बाजूला खलनायक आणि दुसऱ्या बाजूला नायक उभा करून काम भागत नाही. जनहितातला ‘जन’ कोण, हे याचिकेगणिक नव्याने विचारावे लागते.

कागदाची ही गोष्ट फक्त घरापुरती नाही. महाराष्ट्रातल्या हॉस्कॉट खटल्यात (१९७८) एका कैद्याच्या अपिलाला चार वर्षांहून अधिक उशीर झाला होता. निकालाची प्रत आपल्या हाती पडलीच नाही, असे त्याचे म्हणणे होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कैद्याला निकालाची प्रत मोफत मिळाली पाहिजे आणि तिची सही करून पोच घेतली पाहिजे, असे ठरवून दिले. गरजू कैद्याला वकीलही मोफत. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कोठडीतल्या स्त्रियांविषयी लिहिलेले पत्रच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानले. १९८३ च्या त्या निकालाने, अटक होताच विधी साहाय्य समितीला कळवण्याचे बंधन पोलिसांवर आले. हक्काच्या एवढ्या थोर चर्चेचा शेवट एका पोचपावतीत किंवा एका निरोपात होतो. नवख्याला हे खटकते. मुरलेल्याला तिथेच काम दिसते.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, अंमल ९ नोव्हेंबर १९९५ पासून. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना त्यात उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. पण कांदिवलीच्या घरकाम करणाऱ्या बाईला पोलीस केससाठी बोरिवली, सत्र न्यायालयासाठी दिंडोशी, पोटगीसाठी वांद्रे आणि रिटसाठी फोर्ट गाठावे लागते. प्रत्येक तारखेला एक खाडा. न्यायाचे अंतर मोजताना कलमांबरोबर हे खाडेही मोजायला हवेत.

डिसेंबर २०१५ मध्ये कांदिवलीच्या दामूनगरला आग लागली. सिलिंडर फुटत गेले, माणसे दगावली, शेकडो झोपड्यांची राख झाली. त्या राखेत भांडीकुंडी होती, तसे घर आपले असल्याचे पुरावेही होते.

म्हणून वाचकाला एक स्वाध्याय सुचवतो. ऑल्गा टेलिस निकाल पूर्ण वाचा आणि मग एखाद्या वस्तीत बसून एक पिशवी लावून पाहा. शिधापत्रिकेवर ‘शेळके’, मतदार यादीत ‘शेलके’. झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेच्या परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पात्रतेच्या यादीत, एवढ्या फरकानेही नावापुढे ‘अपात्र’ पडू शकते. तो शेरा बदलून घेण्यासाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, अपील अशा ज्या खेपा सुरू होतात, त्यांना चळवळीत साधेपणाने ‘पाठपुरावा’ म्हणतात. या शाखेत मला याहून मोठा शब्द सापडलेला नाही.

एक शिस्त तेवढी पाळा. पिशवीला हात लावण्याआधी ‘मावशी, उघडू का?’ असे विचारा. आणि कागद ज्या क्रमाने बाहेर आले, त्याच क्रमाने परत ठेवा. आपल्याला तो पसारा वाटतो. त्यांना मात्र अंधारातही हवा तो कागद त्यातून काढता आला पाहिजे.