भत्ता दिल्लीचा, तिजोरी मुंबईची

मागच्या भागानंतर इंदूर आणि बेळगावच्या प्रेक्षकांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला: सरकारी कर्मचाऱ्यांनी संप केला, सरकारनं मागणी मान्य केली, की त्याचा बोजा अर्थसंकल्पावर नेमका पडतो कसा? मी या प्रश्नाचं उत्तर एका संपाच्या गोष्टीतून देणार आहे. तो संप मी घरातून पाहिला आहे.

डिसेंबर १९७७. वडील कारकून होते, मी शाळेत. १४ डिसेंबरला महाराष्ट्रातले राज्य कर्मचारी संपावर गेले आणि ५ फेब्रुवारी १९७८ पर्यंत, म्हणजे ५४ दिवस, कामावर परतले नाहीत. र. ग. कर्णिक हे त्या लढ्याचे नेते, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री. मला आठवते ती वाण्याची वही. जानेवारीत त्यानं ती उघडायचंच बंद केलं. आईच्या पाटल्या गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

मागणी साधी होती: केंद्राच्या कर्मचाऱ्यांना जितका महागाई भत्ता, तितकाच आम्हाला. एकाच गावात पोस्टातला कारकून आणि तहसीलीतला कारकून एकाच दुकानातून तेल घेतो, मग महागाई दोघांना वेगळी कशी? त्यामागे साठलेला रागही होता. १९७४ साली, भाव भडकलेले असताना, केंद्रानं कायदा करून वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीच्या ठेवीत अडकवला होता. पगार वाढला म्हणायचं आणि हातात निम्माच द्यायचा, हे लोक विसरले नव्हते.

संप मागे घेतला गेला. पुढे जुलै १९७८ मध्ये शरद पवारांचं पुलोद सरकार आलं आणि केंद्राप्रमाणे भत्त्याचं तत्त्व राज्यानं स्वीकारलं.

इथे एक खुलासा. कारखान्यात मालक आणि युनियन सह्या करून करार करतात, त्याला मुदत असते, मुदत संपली की पुन्हा बोलणी. सरकारी नोकरीत असा कागद नसतो. असतो तो शासन निर्णय, आणि त्यावर शेवटची तारीख नसते. १९७८ चं तत्त्व म्हणूनच आजपर्यंत चालत आलं आहे.

आता हिशेब. भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधलेला, जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा वाढणारा. समजा एका वाढीनं माणसी सरासरी हजार रुपये महिन्याला वाढले. दहा लाख माणसांमागे ते महिन्याला १०० कोटी, वर्षाला १,२०० कोटी. निवृत्तांनाही ती वाढ मिळते. शिवाय महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात नुसतं ‘वेतन’ हे उद्दिष्टशीर्ष पाहाल तर फसाल. जिल्हा परिषदांचे आणि अनुदानित शाळांचे पगार ‘सहायक अनुदाने (वेतन)’ या शीर्षाखाली असतात, निवृत्तिवेतन आणखी तिसरीकडे. तिन्ही बेरजा केल्याशिवाय चित्र दिसत नाही. आणि ही सगळी रक्कम ज्या दरावर हलते तो दर मंत्रालयात ठरतच नाही, दिल्लीत ठरतो.

मग मंत्रालयाच्या हातात राहिलं काय? माझं मत असं की दोन गोष्टी राहिल्या: तारीख आणि माणसांची संख्या. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं राज्यानं याच दोन चाव्या फिरवल्या.

तारखेचं उदाहरण सातव्या वेतन आयोगाचं. केंद्रात तो १ जानेवारी २०१६ पासून. महाराष्ट्रात वाढीव पगार हातात पडू लागला २०१९ मध्ये आणि आधीच्या तीन वर्षांची थकबाकी पाच वार्षिक हप्त्यांत. जुन्या निवृत्तिवेतनातल्यांचे हप्ते भविष्य निर्वाह निधीत जमा. हा निधी राज्याच्याच लोकलेख्यात राहतो. म्हणजे पैसे दिल्याची नोंद झाली, पण ते सरकारच्या हाताबाहेर गेले नाहीत, फक्त त्यांवर व्याज चढू लागलं. अशी कारागिरी पाहिली की मला वित्त विभागाचं कौतुकही वाटतं आणि चीडही येते.

संख्येची चावी मात्र जास्त टोचणारी आहे. २००० साली शिक्षणसेवक योजना आली, प्राथमिकला मानधन महिन्याला ३,००० रुपये. भरती लांबली, कंत्राटी नेमणुका वाढल्या. मग २००५ साल. बाराव्या वित्त आयोगानं राज्यांना कर्जसवलत देताना वित्तीय शिस्तीच्या कायद्याची अट घातली, महाराष्ट्रानं त्याच वर्षी तो कायदा केला आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू होणाऱ्यांचं जुनं निवृत्तिवेतन बंद केलं. जे आधीच नोकरीत होते त्यांना हात लागला नाही. ज्यांची अजून नेमणूकच झाली नव्हती त्यांची संघटना कुठून असणार?

माझी भाची २००६ मध्ये शिक्षणसेविका झाली. त्या वर्षी तिच्या आजोबांचं निवृत्तिवेतन तिच्या मानधनापेक्षा जास्त होतं. वडिलांना हे फार लागलं. ५४ दिवस आपण कुणासाठी बसलो, असं त्यांनी मला एकदा विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही.

दुसरीकडे पाहा. कर्नाटक स्वतःचा वेतन आयोग नेमतं, त्याच्या सातव्या आयोगाची वाढ ऑगस्ट २०२४ पासून मिळाली. पश्चिम बंगालनं नवी निवृत्तिवेतन योजना स्वीकारलीच नाही, पण तिथला भत्ता केंद्राच्या कितीतरी मागे राहिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मे २०२५ मध्ये न्यायालयानं थकबाकीचा चौथा हिस्सा देण्याचा अंतरिम आदेश दिला. बंगालनं एक चावी सोडली, दुसरी घट्ट धरली.

महाराष्ट्रात १४ मार्च २०२३ ला पुन्हा संप झाला, या वेळी जुन्या निवृत्तिवेतनासाठी. सात दिवसांत तो मिटला, समिती नेमली गेली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यानं केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारली: पुरेशी सेवा झालेल्यांना शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मं, वर महागाईची वाढ. ती वाढही पुन्हा निर्देशांकालाच बांधलेली.

भाची त्या संपात होती. सात दिवसांचा पगार जाईल का, हे तिनं पहिल्याच दिवशी मला फोन करून विचारलं होतं. पाटल्यांची गोष्ट तिला ठाऊक आहे.