इजिप्तचा धडा आणि टाकळघाटचे गोटे



स्मरणिकेत शाळेच्या आठवणी भरपूर येतील, म्हणून मी इतिहास लिहायचं ठरवलं आहे. तोही आपल्या बुटीबोरीच्या शिवारालगतचा.

इतिहासाच्या पुस्तकातला इजिप्तचा धडा कंटाळा करणाऱ्यांनाही लक्षात राहिला असेल. पिरॅमिड, ममी आणि चित्रलिपी हे तीन शब्द पुढची सगळी सनावळी विसरल्यावरही डोक्यात टिकून राहतात. त्यांच्यामागे तीन साधे प्रश्न आहेत. गेलेल्या माणसासाठी काय उभारायचं? त्याच्यासोबत काय ठेवायचं? आणि त्याच्याविषयी काय लिहून ठेवायचं? हे तिन्ही प्रश्न विचारायला कैरोला जावं लागत नाही. आपल्या एमआयडीसीच्या पलीकडे टाकळघाट आणि खापा ही गावं आहेत. विक्तुबाबांच्या दर्शनाला आपल्यापैकी बहुतेक जण टाकळघाटला जाऊन आले आहेत. त्याच शिवारात माणसांनी अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी या प्रश्नांची आपली उत्तरं दगडांत मांडून ठेवली आहेत.

ही उत्तरं म्हणजे शिलावर्तुळं. मोठमोठे गोटे गोलाकार मांडलेले, आत जरासा उंचवटा. व्यास साधारण १० ते २५ मीटर. माहीत नसेल तर माणूस त्यातून चालत जातो आणि त्याला काही कळत नाही. हे गोल म्हणजे दफनाच्या जागा आहेत. आत काळी चिकण माती, मुरूम आणि बारीक गोटे यांची भर असते. तिच्याखाली माणसाची हाडं, मडकी, लोखंडी हत्यारं आणि तांब्याच्या वस्तू निघतात. या लोकांच्या संस्कृतीला अभ्यासक महापाषाण संस्कृती म्हणतात. नागपूर जिल्हा हे तिचं मोठं केंद्र. काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला अशी सुमारे ३०० वर्तुळं नोंदवलेली आहेत. माहुरझरी, नायकुंड, बोरगाव, भागीमोहारी आणि आपल्याच हिंगणा भागातलं रायपूर ही त्यांतली आणखी काही नावं.

इथल्या संशोधनाचा इतिहासही जुना आहे, आणि त्यात एक दुःखद पान आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. ज्यांच्या नावाने हिस्लॉप कॉलेज आहे, तेच हे. धर्मप्रसार आणि शाळा चालवणं हे त्यांचं काम होतं, पण खडक, जीवाश्म, गोंडी भाषा आणि जुने अवशेष यांचंही त्यांना वेड होतं. सप्टेंबर १८६३ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांच्यासोबत ते टाकळघाटची शिलावर्तुळं पाहायला आले. ४ सप्टेंबरला परतताना, घोड्यावरून पुराचं पाणी ओलांडताना, ते बुडून वारले. आदिवासींविषयीची त्यांची टिपणं टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. इजिप्तच्या थडग्यांभोवती शापाच्या कितीतरी गोष्टी रचल्या गेल्या. इथे शाप वगैरे काही नव्हता. भर पावसाळ्यात आपल्याकडचे नाले कसे चढतात हे आपल्याला सांगायला नको.

पुढे १८६७ मध्ये कामठीच्या छावणीतले पिअर्स नावाचे लष्करी अधिकारी जवळच्या एका वर्तुळात खणले. तिथे सापडलेल्या वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. रोझेटाचा प्रसिद्ध शिलालेखही त्याच इमारतीत आहे. नाईलकाठचा दगड आणि कन्हानकाठची लोखंडी हत्यारं एकाच छताखाली जावीत, यातच त्या शतकाचा सगळा इतिहास आला. १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नॅक यांनी जुनापाणीच्या वर्तुळांवर सविस्तर लेख लिहिला. दगडांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांकडे त्यांनी लक्ष वेधलं. हे खळगे खुणा आहेत, मोजणी आहे की दिशादर्शन, यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

स्वातंत्र्यानंतर काम शास्त्रीय पद्धतीने सुरू झालं. १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी जुनापाणीला उत्खनन केलं. १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाने डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली टाकळघाट आणि खापा इथे खणायला घेतलं. या कामाचं महत्त्व विद्यार्थ्यांना मी नेहमी एका वाक्यात सांगत असे: खाप्याला मसणवट सापडली आणि टाकळघाटला गाव सापडलं. तोवर विदर्भात या लोकांची थडगी ठाऊक होती, पण ते राहत कुठे, हे नीट माहीत नव्हतं. टाकळघाटच्या पांढरीत त्यांच्या वस्तीचे थर मिळाले. तीच काळी-तांबडी मडकी घरातही होती आणि कबरीतही. मेलेल्याला वेगळी भांडी नव्हती. घरातलीच भांडी त्याच्यासोबत जात होती.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. सोबत काय ठेवायचं?

इजिप्तमध्ये या विचाराने टोक गाठलं होतं. शरीर टिकलं तरच पुढचं आयुष्य, अशी श्रद्धा. म्हणून आतडी, फुप्फुसं, यकृत काढून वेगळ्या बरण्यांत ठेवायची, नेट्रॉन नावाच्या क्षाराने शरीर सुकवायचं, तागाच्या पट्ट्या गुंडाळायच्या. राजा-श्रीमंतांसाठी हा विधी ७० दिवस चाले. खुफूचा पिरॅमिड इसवी सनापूर्वी २५६० च्या सुमारास उभा राहिला. मूळ उंची सुमारे १४६ मीटर, आणि दगडांचे ठोकळे अंदाजे २३ लाख.

आपल्याकडे हाडंही पुरती मिळत नाहीत. बऱ्याच वर्तुळांत ती तुटक सापडतात. त्यावरून काही ठिकाणी आधी देह दुसरीकडे ठेवून नंतर निवडक अस्थी पुरल्या असाव्यात, असं अभ्यासक मानतात. पण सोबतीचा हात आखडलेला नाही. लोखंडाच्या कुऱ्हाडी, सुऱ्या, छिन्न्या, बांगड्या. तांब्याची भांडी, आणि त्यांच्या झाकणांवर कुठे कुठे बसवलेले छोटे पक्षी. माहुरझरीला सोन्याचे दागिने आणि अकीक-कार्नेलियनचे मणी. तिथे मण्यांचा मोठा उद्योगच होता. आणि विदर्भाचं खास वैशिष्ट्य म्हणजे घोडा. तोंडावर तांब्याचा साज चढवलेले घोडे धन्याबरोबर पुरलेले आढळले. माहुरझरीच्या घोड्याच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, म्हणजे त्याचा बळी दिला गेला होता.

हे लोखंड कुठून आलं? पारशिवनीजवळच्या नायकुंडला लोखंड वितळवण्याची भट्टीच उत्खननात मिळाली. भात्याची हवा आत सोडायच्या मातीच्या नळ्या आणि लोहमळीही मिळाली. आपल्या वर्गातली किती तरी मुलं पुढे एमआयडीसीत फिटर, वेल्डर, फौंड्रीत लागली. त्यांना हे आवर्जून सांगावंसं वाटतं की धातूचं काम या जिल्ह्यात कारखान्यांबरोबर आलेलं नाही. ते आधीपासून इथलंच आहे.

प्रथाही पुरत्या संपलेल्या नाहीत. गडचिरोलीच्या भामरागड भागातले माडिया आजही आपल्या मृतांच्या नावाने दगड उभा करतात. आपण दहाव्याला कावळ्यासाठी घास ठेवतो, गेलेल्याच्या आवडीचा पदार्थ आठवणीने करतो. खाप्याच्या कबरीतली मडकी पाहताना मला तो घास आठवतो. दोन्हींत थेट नातं आहे असा माझा दावा नाही. पण गेलेला माणूस उपाशी राहू नये, ही काळजी मला ओळखीची वाटते.

तिसरा प्रश्न लिहिण्याचा. इथे मात्र आपण आणि इजिप्त यांच्यात मोठी दरी आहे.

थीब्जजवळ दैर अल-मदिना नावाचं कारागिरांचं गाव होतं. राजांची थडगी खोदणारे, रंगवणारे लोक तिथे राहत. त्यांच्या मुकादमांनी दगडाच्या चकल्यांवर आणि खापरांवर रोजच्या नोंदी केल्या. दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षाचा एक दगडी हजेरीपट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर ४० कामगारांची नावं आहेत, आणि कोण कोणत्या दिवशी का आला नाही याची कारणं: आजारी, डोळे आले, विंचू चावला, घरच्याचा अंत्यविधी, आणि चक्क बिअर गाळायची होती म्हणून! आपल्या वर्गशिक्षकांनी ऐकलेली कारणं आठवा आणि ताडून पाहा. पुढे तिसऱ्या रामसेसच्या काळात याच गावकऱ्यांना धान्याचा पगार वेळेवर मिळेना, तेव्हा त्यांनी काम थांबवून बैठक मारली. लेखी नोंद असलेला हा जगातला सर्वांत जुना संप मानला जातो. तीन हजार वर्षांपूर्वीचे ते मजूर आज आपल्याला नावानिशी माहीत आहेत, कारण कुणीतरी लिहून ठेवलं आणि कुणीतरी ते पुन्हा वाचलं. चित्रलिपी वाचण्याची किल्ली विसरली गेली होती. १७९९ मध्ये रोझेटाचा दगड सापडला. त्यावर एकच राजाज्ञा दोन इजिप्ती लिप्यांत आणि ग्रीकमध्ये होती. १८२२ मध्ये शांपोलियोंनी ती किल्ली पुन्हा मिळवली.

खाप्याच्या घोडेस्वाराचं नाव मात्र आपल्याला माहीत नाही. त्याची भाषाही माहीत नाही. महापाषाण काळातल्या मडक्यांवर ओरखडलेल्या खुणा ठिकठिकाणी मिळतात, पण ते लेख नव्हेत.

विदर्भात वाचता येणारी अक्षरं येतात ती ब्राह्मी लिपीत. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी सांचीच्या दानलेखांत शेवटी पुन्हा पुन्हा येणारी अक्षरं हेरली. ती ‘दानं’ अशी वाचली आणि ब्राह्मी उलगडली. तसेच दानलेख भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या स्तूपावर सापडले, आणि तिथलं उत्खननही खाप्याच्या लगेच नंतर, १९६९-७० मध्ये, डॉ. देव आणि जे. पी. जोशी यांनी केलं. त्याहून नवलाचा आहे चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकचा दगड. तो आता नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात आहे. त्याच्यावर अशोककालीन ब्राह्मीत प्राण्यांना पकडणं-मारणं याला मनाई करणारी आज्ञा कोरली आहे. त्याच दगडावर पाच-सहा शतकांनी वाकाटक राजा रुद्रसेन याने आपल्या धर्मस्थानाचा लेख कोरवला. हा लेख नीट वाचून समजावला तो नागपूरच्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी. सहल म्हणून अजब बंगला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पुढच्या वेळी नातवंडांना नेलंत तर हा दगड शोधा.

आता मूळ मुद्दा. लेख नसलेल्या माणसांचा एकमेव दस्तऐवज म्हणजे त्यांची जागा. गोटा कुठे होता, किती खोल काय होतं, कशाच्या शेजारी काय होतं, यातच सगळं लिहिलेलं असतं. गोटा हलला की ते पान फाटलं. तूतनखामेनचं थडगं १९२२ पर्यंत बरंचसं शाबूत राहिलं, कारण वरच्या थडग्याच्या खोदकामाचा मलबा त्याच्यावर पडला होता. विस्मरणाने ते वाचलं. आपली शिलावर्तुळंही शतकानुशतकं विस्मरणानेच वाचली. पण आता तसं होणार नाही. वावर सपाट करायला, धुऱ्यावर टाकायला, पायाभरणीला, रस्त्याला गोटे लागतात. जेसीबी अर्ध्या दिवसात अडीच हजार वर्षं उचलून ट्रॉलीत भरतो. तो चालवणाराही आपलाच कुणीतरी असतो, आणि वाईट हेतूने तो काही करत नाही. त्याला कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

म्हणून सांगतो. जिल्ह्यातली अनेक शिलावर्तुळं केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहेत. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे, आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. यादीबाहेरच्या वर्तुळांना मात्र शेतमालकाच्या समजुतीखेरीज आधार नाही. शेतात नांगराला मडकं, तांब्याची वस्तू, मणी लागले तर खणत बसू नका. जागा तशीच ठेवा, फोटो काढा आणि तहसील किंवा पुरातत्त्व कार्यालयाला कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारकही आहे.

एक प्रस्ताव मांडतो. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, ज्यांना जमेल त्यांनी खाप्याकडे चलावं. शाळेच्या आताच्या मुलांनाही सोबत घेऊ. त्यांच्याकडून एक नोंदवही सुरू करू: वर्तुळ कुठे आहे, किती गोटे जागेवर आहेत, आज तारीख काय. दर वर्षी नवा वर्ग तीच वर्तुळं पुन्हा मोजेल. खर्च एका वहीचा आणि मोजपट्टीचा. दहा वर्षांनी ती वही कोणत्याही अभ्यासकाला मोलाची वाटेल. वर्गमित्रांपैकी ज्यांची वावरं त्या बाजूला आहेत, त्यांनी वाट दाखवावी आणि न्याहारी आम्ही आणू.

या स्मरणिकेच्या शेवटी आपल्या तुकड्यांची आणि शिक्षकांची यादी छापली जाणार आहे. संपादक मंडळाला विनंती, की तीत शाळेचे शिपाई, घंटा देणारे आणि पाणी भरणाऱ्या बाई यांचीही नावं घ्यावीत. ज्यांना ती आठवत असतील त्यांनी छपाईपूर्वी कळवावीत.