वऱ्हाडात घराचा रंग वर्षभरात का उडतो? भिंत गुळगुळीत करण्याआधी हे वाचा

दिवाळीच्या आधी अकोल्यात किंवा अमरावतीत चांगला पेंटर मिळणं म्हणजे लग्नसराईत मंगल कार्यालय मिळण्यासारखं. महिनाभर आधी सांगून ठेवावं लागतं. मग पुट्टी होते, घासाई होते, महागातला रंग लागतो आणि भिंत आरशासारखी दिसायला लागते. पुढचा पावसाळा सरतो. सोफा हलवला की मागे, जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत, पांढरी पावडर दिसते. बोट लावलं की पोपडा हातात येतो. घरमालक म्हणतो पेंटरनं चुना लावला, पेंटर म्हणतो रंगच डुप्लिकेट होता. बऱ्याचदा खरा आरोपी भिंतीच्या आत असतो. त्याचं नाव मीठ.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून खारपाणपट्टा पसरला आहे. यात सुमारे नऊशे गावं येतात. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या भागात जमिनीखालचं पाणी खारं लागतं. प्यायला अकोल्याला काटेपूर्णा धरणाचं आणि अमरावतीला ऊर्ध्व वर्धा धरणाचं पाणी येतं. बांधकामाला मात्र बोअर चालते. त्याच पाण्यात विटा भिजतात, सिमेंट कालवलं जातं आणि प्लास्टरवर तेच मारलं जातं.

पाणी उडून जातं, क्षार भिंतीत राहतात. पुन्हा ओल लागली की ते विरघळून पृष्ठभागाकडे येतात, तिथं सुकून त्यांचे खडे बनतात आणि हे खडे पुट्टीला आतून ढकलतात. यालाच लोणा लागणं म्हणतात. वऱ्हाडात तर मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि त्याच वेळी खिडकीत लावलेला कूलर खालची भिंत सतत भिजवत असतो. लोण्याला आणखी काय हवं?

म्हणून घर बांधत असाल तर रंगाचा विचार पाण्यापासून सुरू होतो. आयएस 456 या भारतीय मानकानुसार सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. नियम काँक्रीटचा आहे, पण प्लास्टरसाठीही हाच अंदाज धरलेला बरा. बोअरचं पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घेता येतं. पाणी खारं निघालं तर निदान प्लास्टर आणि पुट्टीसाठी गोड्या पाण्याचा टँकर मागवावा. पोपडे काढून पुन्हा रंगवण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

घर आधीच बांधलेलं असेल तर?

आधी ओल कुठून येते ते शोधा. बाथरूमचा पाइप, गच्ची, कूलर, नाहीतर जोत्यात ओल रोखणारा थरच नसणं. प्लास्टिकचा एक तुकडा भिंतीला चारही बाजूंनी टेपनं चिकटवा आणि 24 तासांनी बघा. आतून थेंब जमले असतील तर पेंटरला अजून बोलावू नका. लोणा कोरड्या ब्रशनं झाडायचा, पाण्यानं धुवायचा नाही. धुतलं की मीठ विरघळून परत आत जातं. नेमकी हीच चूक सगळ्यात जास्त होते. पोकळ वाजणारं प्लास्टर काढून नवं करावं आणि निदान चार आठवडे वाळू द्यावं.

दुसरी भानगड काळ्या मातीची. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि घराचा पाया हलवते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग बहुधा त्यातलीच. जुने लोक काळी शेताला आणि पांढरी गावठाणाला ठेवत, ते उगाच नाही. भेगेच्या टोकाला पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा. भेग पुढे सरकत असेल तर पुट्टी तिला थांबवू शकणार नाही, इंजिनिअरला दाखवा. थांबली असेल तर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खरवडून क्रॅक फिलर भरा.

आता पुट्टी. व्हाइट सिमेंटची पुट्टी लावण्याआधी भिंत हलकी ओली करावी लागते. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात हे विसरलात तर कोरडी भिंत पुट्टीतलं पाणी शोषून घेते, सिमेंट पक्कं होत नाही आणि हात फिरवला की भुकटी निघते. त्यामुळे हे काम एप्रिल-मेमध्ये टाळलेलं बरं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, फक्त दिवाळीच्या घाईत ते कुणी ऐकत नाही. पातळ दोन हात द्यावेत, एकच जाड नको. दुसरा हात वाळला की बारीक पॉलिश पेपरनं घासाई. मग खोलीत अंधार करून टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरा. खड्डे आणि उंचवटे सावलीत लगेच दिसतात. तिथं पुन्हा पुट्टी, पुन्हा घासाई, धूळ पुसायची, प्रायमरचा एक हात आणि मग रंगाचे दोन.

10 बाय 12 च्या, 10 फूट उंच खोलीला दारं-खिडक्या सोडून साधारण 400 चौरस फूट भिंत येते. तिला 40 किलोची एक गोणी पुट्टी आणि दोन हातांना सहा ते आठ लिटर इमल्शन लागतं. रंग जितका चमकदार, तितका भिंतीचा दोष जास्त दिसतो. कारागिराच्या हाताची खात्री नसेल तर मॅट घ्या. ओल धरणाऱ्या भिंतीवर ऑइल पेंट तर नकोच, वाफ आत कोंडते आणि फोड येतात.

जुना ऑइल पेंट कोरडा घासताना मात्र सांभाळून. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते कितीतरी जास्त असू शकतं आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सर्वाधिक धोका असतो. अशी भिंत ओली करून घासावी, पेंटरनं चांगला मास्क लावावा आणि पोरांना दोन-चार दिवस मामाकडे धाडावं.