एक चित्रपट आणि त्याचे प्रेक्षक : 'द टेन कमांडमेंट्स'विषयीच्या मतांचा इतिहास

१

सेसिल बी. डिमिल यांचा 'द टेन कमांडमेंट्स' हा चित्रपट ८ नोव्हेंबर १९५६ रोजी न्यूयॉर्क येथील क्रायटेरियन थिएटरात प्रथम दाखविण्यात आला. तेव्हापासून सहा दशकांहून अधिक काळ त्याच्याविषयी जी मते व्यक्त होत आली आहेत, ती एकत्र ठेवून पाहिली असता एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. या चित्रपटास कोणी धर्मग्रंथाच्या पठणाची योग्यता देतो, तर कोणी त्यास श्रद्धेचा बाजार म्हणतो. कोणी त्यात इतिहास पाहतो, कोणी राजकीय प्रवचन, तर कोणी निव्वळ विनोद. मतभेद असणे यात नवल नाही. नवल हे की, स्तुती करणारे आणि निंदा करणारे बहुधा त्याच त्या गोष्टींकडे बोट दाखवितात : अफाट पसारा, पल्लेदार संवाद, राजवाड्यातील शृंगार आणि दुभंगणारा समुद्र.

अशा मतांचे वर्गीकरण करताना 'समीक्षकाचे मत' आणि 'सामान्य प्रेक्षकाचे मत' असे दोन कप्पे पाडण्याची रीत आहे. पहिले जाणतेपणाचे आणि दुसरे भाबडेपणाचे, असे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीत कितपत टिकते याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दोन मते परस्परविरुद्ध दिसली, तरी ती एकाच प्रश्नाची दोन उत्तरे असतात असे नाही; पुष्कळदा ती दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे असतात.

२

प्रथम चित्रपटासंबंधी अवश्य तेवढी माहिती. डिमिल यांनी याच नावाचा एक मूकपट १९२३ मध्ये काढला होता. त्यात मोशेची कथा पूर्वार्धापुरती असून उत्तरार्ध आधुनिक अमेरिकेतील दोन भावांच्या कथेस दिलेला होता. १९५६ च्या चित्रपटात आधुनिक कथा गळाली आणि मोशेचे संपूर्ण चरित्र आले. पॅरामाउंट कंपनीने त्यावर सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर खर्च केले. त्या काळी हा आकडा अभूतपूर्व होता. चित्रपटाची लांबी साडेतीन तासांहून अधिक आहे. १९५४ च्या अखेरीस इजिप्तमध्ये प्रत्यक्ष सिनाई पर्वतावर आणि कैरोजवळ उभारलेल्या नगरद्वारापुढे चित्रण झाले. तेथेच डिमिल यांना हृदयविकाराचा झटका आला. तरीही त्यांनी काम तडीस नेले. चार्लटन हेस्टन यांनी मोशेची आणि यूल ब्रिनर यांनी रामसेस राजाची भूमिका केली. १९५६ सालच्या चित्रपटांत सर्वाधिक उत्पन्न याच चित्रपटाचे झाले. ऑस्कर पारितोषिकांसाठी त्यास सात नामांकने मिळाली. मिळाले मात्र एकच पारितोषिक, आणि तेही विशेष दृश्यपरिणामांसाठी. दिग्दर्शक म्हणून डिमिल यांचे नाव नामांकनांत नव्हते.

तिकीटखिडकीवरील निवाडा आणि सहव्यवसायिकांचा निवाडा यांतील ही तफावतच पुढील सर्व वादाचे मूळ होय.

३

पहिल्या आठवड्यातील समीक्षणेदेखील एकसुरी नव्हती. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे बॉस्ली क्राउदर यांनी चित्रपटाचे स्वागत केले. त्या दिवसांत सुएझचे युद्ध नुकतेच थांबले होते. इस्राएलचे सैन्य सिनाईच्या द्वीपकल्पात होते. इजिप्त आणि इस्राएल यांच्यातील ताज्या संघर्षाच्या पार्श्वभूमीवर या कथेस आलेला अर्थ क्राउदर यांनी आरंभीच नोंदविला. उलट, 'टाइम' साप्ताहिकाने चित्रपटाची यथेच्छ टवाळी केली. कामवासना आणि वाळवंट यांची सरमिसळ करून प्रेक्षकांच्या डोळ्यांत धूळ फेकली आहे, असा त्याचा रोख होता.

या टीकेत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. मोशे आणि राजकन्या नेफ्रेतिरी यांच्या प्रेमाचा मागमूसही बायबलात नाही. बायबलातील निर्गमाच्या पुस्तकात मोशेच्या बालपणानंतर एकदम त्याचा प्रौढपणाच येतो. मधली वर्षे कोरी आहेत. ही कोरी जागा भरण्यासाठी डिमिल यांच्या लेखकांनी फिलो, जोसीफस व युसेबियस हे प्राचीन ग्रंथकार, यहुदी मिद्राश वाङ्मय आणि इंग्रजीतील तीन कादंबऱ्या यांचा आधार घेतला. श्रेयनामावलीत या आधारांचा उल्लेख आहे. इतकेच नव्हे, तर हा चित्रपट पाहणारा मोशेच्या पावलांनी पुनीत झालेल्या भूमीची यात्रा करील, असे आश्वासनही तेथे दिलेले आहे.

हे आश्वासन महत्त्वाचे आहे. प्रेक्षकाने कोणत्या नात्याने चित्रपटगृहात बसावे, हे त्याने ठरवून टाकले. यात्रेकरू मूर्तीच्या शिल्पातील दोष पाहावयास जात नाही. समीक्षक नाट्यरचनेचा प्रश्न विचारीत होता. यात्रेकरू दर्शनाचा प्रश्न विचारीत होता. 'चित्रपट चांगला आहे' हे विधान दोघांच्या तोंडी आले, तरी 'चांगला' या शब्दाचा अर्थ दोन्ही ठिकाणी एक नव्हे.

४

मतभेदाचे दुसरे कारण भाषेचे आहे, आणि त्याकडे समीक्षकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. प्राचीन पुरुषांनी इंग्रजीत बोलावे तरी कसे? इंग्रजी भाषकांच्या कानात १६११ च्या अधिकृत बायबल-भाषांतराची लय शतकानुशतके बसलेली आहे. त्या भाषांतरात एकवचनी द्वितीयपुरुषी 'दाऊ' हे सर्वनाम सर्वत्र आढळते. मुळात ते सलगीचे सर्वनाम होते. व्यवहारातून ते लुप्त झाले आणि प्रार्थनेत तेवढे उरले. त्यामुळे आजच्या श्रोत्यास तेच आदराचे आणि अंतराचे वाटते. मराठीत आपण देवाला 'तू' म्हणतो ती जवळीक अद्याप जिवंत आहे, कारण घरातील माणसांतही हे सर्वनाम चालू आहे. इंग्रजीत मात्र जवळिकीच्या शब्दाने दुरावा सूचित होऊ लागला. चित्रपटातील ईश्वराची वाणी याच जुन्या इंग्रजीत आहे, आणि ती ऐकताना सहसा कोणी हसत नाही.

हसू येते ते राजवाड्यातील संवादांना. तेथे लेखकांनी ना बायबलाची भाषा घेतली ना बोलीची. विशेषणांची रास रचून एक तिसरीच भाषा तयार केली. मोशेला उद्देशून नेफ्रेतिरीने काढलेले विशेषणांनी लगडलेले उद्गार पुढील पिढ्यांनी थट्टेने पाठ केले. दाथानची भूमिका करणारे एडवर्ड जी. रॉबिन्सन यांच्या बाबतीत निराळीच अडचण झाली. 'लिटल सीझर' या चित्रपटापासून गुंडांच्या टोळीचा नायक म्हणून त्यांचा आवाज सर्वपरिचित झालेला होता. तो आवाज सिनाईच्या पायथ्याशी ऐकू येताच अनेकांना शिकागो शहर आठवले. शब्दांचा अर्थ वाक्यावरून ठरतो, तसा आवाजाचा अर्थ त्याने पूर्वी काय काय उच्चारले आहे त्यावरूनही ठरतो.

हीच समस्या 'बेन-हर' या १९५९ च्या चित्रपटात विल्यम वायलर यांनी वेगळ्या रीतीने सोडविली. इंग्रज नाटककार क्रिस्टफर फ्राय यांच्याकडून त्यांनी संवादांवर हात फिरवून घेतला. 'जेवण आवडले का?' अशा धर्तीचे घरगुती वाक्य फ्राय शब्दक्रमाच्या आणि शब्दनिवडीच्या अल्प फरकाने असे भारदस्त करीत, की ते पुस्तकीही वाटू नये आणि आजचेही वाटू नये. 'बेन-हर'ला ११ ऑस्कर पारितोषिके मिळाली, याचे श्रेय केवळ भाषेस देता येणार नाही. पण त्याचे संवाद तितकेसे थट्टेचा विषय झाले नाहीत, हे खरे.

येथे एका प्रसिद्ध उपपत्तीचा परामर्श घेणे अवश्य आहे. मायकेल वुड यांनी १९७५ मध्ये असे दाखविले की, हॉलीवुडच्या प्राचीनपटांत जुलमी सत्ताधारी ब्रिटिश उच्चाराने बोलतात आणि पीडित जन अमेरिकन उच्चाराने. म्हणजे रोम वा इजिप्तच्या निमित्ताने अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धच पुन्हा लढले जाते. 'बेन-हर'ला हे पुष्कळसे लागू पडते. प्रस्तुत चित्रपटास मात्र ते अंशतःच लागू आहे. वृद्ध राजा सेती झालेले सर सेड्रिक हार्डविक इंग्रज खरे. परंतु रामसेस झालेले ब्रिनर रशियात जन्मलेले, आणि त्यांचा उच्चार ब्रिटिश नव्हे. १९५६ च्या अमेरिकन श्रोत्यास त्या परक्या उच्चारात लंडनपेक्षा मॉस्को अधिक जवळचे वाटले असल्यास आश्चर्य नाही.

५

हा तर्क निराधार नाही. चित्रपटाच्या आरंभी डिमिल स्वतः पडद्यापुढे येऊन बोलतात. माणसे ही राज्यसत्तेची मालमत्ता आहेत की ईश्वराच्या छत्राखालील स्वतंत्र जीव आहेत, हाच या कथेचा विषय असून तो लढा आजही चालू आहे, असा त्या भाषणाचा आशय आहे. शीतयुद्धाच्या काळात त्याचा रोख कोणाकडे होता हे सांगावयास नको. डिमिल यांचा साम्यवादविरोध प्रकट होता. दिग्दर्शकांच्या संघटनेत निष्ठेची शपथ सक्तीची करण्यासाठी १९५० मध्ये त्यांनी मोठा संघर्ष केला होता. तथापि, डाव्या संबंधांच्या संशयाने ज्यांना कामे मिळेनाशी झाली होती त्या रॉबिन्सन यांना त्यांनीच या चित्रपटात भूमिका दिली, हेही नमूद केले पाहिजे.

पण कथा कोणा एकाच्या ताब्यात राहत नाही. ७ एप्रिल १९५७ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांनी माँटगोमेरी येथील आपल्या चर्चमध्ये घानाच्या स्वातंत्र्यावर जे प्रवचन केले, त्याचा आरंभ इजिप्तमधून सुटलेल्या इस्राएलाच्या कथेनेच होतो. ज्या महिन्यांत चित्रपटगृहांत मोशे साम्यवादाविरुद्ध उभा होता, त्याच महिन्यांत तो वर्णभेदाविरुद्धही उभा होता. प्रेक्षक रिकाम्या मनाने पडद्यापुढे बसत नाही. कथेतील फारो कोण, हे तो घरूनच ठरवून येतो.

६

इतिहासाच्या अभ्यासकांचे आक्षेप यांहून वेगळे आहेत. निर्गमाचे पुस्तक फारोचे नाव देत नाही. चित्रपट ते देतो. इजिप्तच्या लेखांत इस्राएलाचा सर्वांत प्राचीन उल्लेख आढळतो तो इ. स. पूर्व सुमारे १२०८ च्या मेर्नेप्ताहच्या शिलालेखात, आणि त्यात निर्गमनाची वार्ता नाही. हेन्री नोर्डलिंगर यांनी चित्रपटासाठी केलेले संशोधन १९५६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पाट्यांवरील अक्षरेदेखील प्राचीन कनानी वळणाची घेण्यात आली होती. प्रेक्षागृहातील जवळजवळ कोणालाही ती वाचता येणार नव्हती. ती केवळ प्रामाण्याची खूण होती.

याउलट, जे सर्वांच्या कानांवर पडले ते तपासलेच गेले नाही. पाण्यातून काढला म्हणून 'मोशे', असे राजकन्या चित्रपटात सांगते. ही व्युत्पत्ती बायबलातीलच असून ती 'ओढून काढणे' या अर्थाच्या हिब्रू धातूवर आधारलेली आहे. पण इजिप्तची राजकन्या हिब्रू धातूवरून नाव का ठेवील? बहुतेक विद्वानांच्या मते हे नाव 'जन्मलेला' अशा अर्थाच्या इजिप्ती धातूपासून आले आहे. थुतमोस या नावात तोच धातू आहे, आणि रामसेस या नावातही. म्हणजे पडद्यावर ज्या दोन पुरुषांत वैर आहे, त्यांची नावे भाषेच्या दृष्टीने सख्खी भावंडे आहेत. एवढी नाट्यमय वस्तुस्थिती हाताशी असून लेखकांनी ती वापरली नाही, कारण प्रेक्षकास बायबलातले वाक्य ऐकावयाचे होते.

७

पुढील काळात मतांना आणखी वळण मिळाले. १९७३ पासून एबीसी दूरचित्रवाणीवर ईस्टरच्या सुमारास हा चित्रपट दाखविण्याचा परिपाठ पडला आणि तो घरगुती सणाचा भाग झाला. मार्टिन स्कोर्सेसी यांनी १९७८ मध्ये लिहिले की, आपण तो चाळीस-पन्नास वेळा पाहिला असून कथा विसरून रंग, पोत आणि दृश्यपरिणाम यांकडे पाहावे. १९९९ मध्ये राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

परंतु सर्वांत गंभीर परिणाम दगडावर झाला. फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ ईगल्स ही संस्था दहा आज्ञांच्या प्रती वाटीत होती. डिमिल यांच्या सहकार्याने ठिकठिकाणी शिलास्तंभ उभे राहिले, आणि काहींच्या अनावरणास ब्रिनर व हेस्टन स्वतः गेले. त्या संस्थेने टेक्ससच्या विधानभवनाच्या आवारात १९६१ मध्ये बसविलेला स्तंभ २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ५ विरुद्ध ४ मतांनी तो राहू देण्यात आला; त्याच दिवशी केंटकीतील न्यायालयांत लावलेल्या आज्ञा मात्र अवैध ठरल्या. दोन्ही निकालांत न्यायमूर्ती ब्रायर यांचे मत निर्णायक होते. टेक्ससच्या स्तंभाविषयी त्यांच्या कारणांपैकी एक असे की, चाळीस वर्षे त्यास कोणी न्यायालयात आव्हान दिले नव्हते. म्हणजे येथे पाहणाऱ्यांचे मौन हेच त्यांचे मत मानले गेले. मौनात संमती असते, तशी भीती आणि उदासीनताही असते. तेव्हा हा पुरावा निःशंक नव्हे.

८

बायबलपट पाहणाऱ्या एका प्रेक्षकाची साक्ष महाराष्ट्रातही उपलब्ध आहे. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत 'ख्रिस्ताचे चरित्र' हा परदेशी मूकपट पाहिला. तो पाहताना आपल्या मनश्चक्षूंपुढे श्रीकृष्ण, रामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या यांची चित्रे उभी राहात होती, असे त्यांनी १९१७ मध्ये 'नवयुग' मासिकात लिहून ठेवले आहे. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' हे त्या पाहण्याचे फळ होय. या मतास भाबडे म्हणावे की जाणते? फाळके भक्त होते आणि कसबी तंत्रज्ञही होते. त्यांच्या पाहण्यात दोन्ही नाती एकत्र नांदत होती.

सारांश, लेखाच्या आरंभी उल्लेखिलेले दोन कप्पे टिकत नाहीत. यात्रेकरू, नागरिक, इतिहासाभ्यासक, रसिक आणि थट्टेखोर ही प्रेक्षकाची नाती आहेत, प्रेक्षकांच्या जाती नव्हेत. एकच माणूस एका सायंकाळी यांतली तीन-चार नाती निभावतो. म्हणून जुन्या चित्रपटाविषयीचे एखादे मत हाती आले असता ते बरोबर की चूक हे ठरविण्यापूर्वी, ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे पाहावे. ही दक्षता न घेतल्यास न्यायालयासारखे जबाबदारीचे स्थानसुद्धा मौनाला होकार समजते, आणि मग लोकांनी जे म्हटलेच नाही ते दगडावर कोरलेले राहते.