इंग्लंडमधील कॅथलिक माध्यमिक शाळा आणि ‘सिक्स्थ फॉर्म’ : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

‘सिक्स्थ फॉर्म’ या शब्दप्रयोगाने मराठी वाचकाची फसगत होण्याचा संभव आहे. येथे अभिप्रेत असलेली इयत्ता आपली सहावी नव्हे. वयाच्या सोळाव्या ते अठराव्या वर्षांपर्यंतचे, म्हणजे स्थूलमानाने आपल्या अकरावी-बारावीचे ते शिक्षण होय. कोठारी आयोगाने (१९६४-६६) पुरस्कारिलेला १०+२+३ हा आकृतिबंध आपल्याकडे आला, तेव्हा मधली दोन वर्षे शाळेला जोडावीत की महाविद्यालयाला, हा प्रश्न उद्भवला आणि कनिष्ठ महाविद्यालये दोन्हीकडे निघाली. इंग्लंडमधील कॅथलिक समाजापुढेही याच स्वरूपाचा प्रश्न उभा राहिला. मात्र तेथे त्याच्याशी धर्मसत्ता, राज्यसत्ता आणि पालक यांच्या अधिकारांचा वाद निगडित होता. त्या वादाची पार्श्वभूमी मांडणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

धर्मसुधारणेनंतर इंग्लंडमध्ये कॅथलिक शिक्षणावर कायदेशीर बंदी आली. रॉबर्ट पर्सन्स या जेझुइट धर्मगुरूने १५९३ मध्ये सेंट ओमेर येथे, तत्कालीन स्पॅनिश नेदरलँड्समध्ये, इंग्रज मुलांसाठी विद्यालय काढले. ते ब्रूज (१७६२) आणि लिएज (१७७३) असा प्रवास करीत १७९४ मध्ये लँकशरमधील स्टोनीहर्स्ट येथे स्थिरावले. तेथील वर्गांना आकडे नव्हते. जेझुइट अध्यापनपरंपरेला अनुसरून ‘फिगर्स’, ‘रुडिमेंट्स’, ‘ग्रामर’, ‘सिंटॅक्स’, ‘पोएट्री’ आणि ‘ऱ्हेटरिक’ अशी चढती श्रेणी होती. व्याकरणाकडून काव्याकडे आणि काव्याकडून वक्तृत्वाकडे नेणारी ही क्रमव्यवस्था आपल्याकडील संस्कृत पाठशाळांशी परिचित असलेल्यास फारशी परकी वाटू नये. त्यांतील शेवटचे दोन वर्ग म्हणजेच तेथील सिक्स्थ फॉर्म.

परंतु इतर इंग्रज शाळांतील सिक्स्थ फॉर्म आणि हे वर्ग यांच्यात एक मूलभूत अंतर होते. रग्बीसारख्या शाळांत सर्वोच्च वर्ग हे ऑक्सफर्ड-केंब्रिजचे प्रवेशद्वार होते. कॅथलिक विद्यार्थ्याला ते द्वारच बंद होते. धार्मिक शपथेच्या अटी १८५४ व १८५६ मध्ये पदवीपुरत्या शिथिल झाल्या आणि १८७१ च्या कायद्याने बव्हंशी संपुष्टात आल्या. तरीही द्वार उघडले नाही, कारण आता रोमनेच ते लावून घेतले होते. प्रॉटेस्टंट वातावरणात श्रद्धा डळमळेल या भीतीने १८६७ मध्ये कॅथलिक तरुणांना या विद्यापीठांपासून परावृत्त करण्याचे धोरण ठरले. धर्माची अट नसलेल्या लंडन विद्यापीठाशी स्टोनीहर्स्ट १८४० मध्येच संलग्न झाले होते. शालेय वर्ग संपविलेले तरुण तेथे ‘फिलॉसॉफर्स’ म्हणून राहत आणि लंडनच्या परीक्षांची तयारी करीत. कवी जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स यांनी १८८२ ते १८८४ या काळात तेथे अध्यापन केले. शाळेच्या आवारातच महाविद्यालय सामावून घेण्याचा हा प्रकार नाइलाजातून जन्मला असला, तरी त्याला स्वतःचे वैभव होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कार्डिनल हर्बर्ट वॉन यांच्या कारकिर्दीत, १८९५ मध्ये, रोमने आपले धोरण बदलले. त्यानंतर ऑक्सफर्ड-केंब्रिजकडे जाण्याचा मार्ग मोकळा झाला.

हे सर्व मूठभर सधन कुटुंबांपुरते होते. आयरिश स्थलांतरित श्रमिकांच्या मुलांची पॅरिश शाळा प्राथमिक शिक्षणापलीकडे क्वचितच जाई. १९४४ च्या शिक्षण कायद्याने सर्वांना माध्यमिक शिक्षण देऊ केले, परंतु कॅथलिक शाळांना इमारतखर्चाचा निम्मा वाटा स्वतः उचलावा लागे. सरकारी अनुदान १९५९ मध्ये ७५ टक्के, १९६७ मध्ये ८० टक्के आणि १९७५ मध्ये ८५ टक्के झाले. या टक्केवारीत पॅरिशवासीयांच्या कित्येक दशकांच्या वर्गण्या दडलेल्या आहेत.

१९५१ पासून ‘ए लेव्हल’ परीक्षा सुरू झाली, १९६५ नंतर सर्वसमावेशक शाळांचे धोरण आले आणि १९७२ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे वय सोळा झाले. प्रत्येक शाळेने दहा-वीस विद्यार्थ्यांसाठी भौतिकशास्त्राचा, लॅटिनचा, इतिहासाचा स्वतंत्र शिक्षक ठेवणे परवडेनासे झाले. यावर सिक्स्थ फॉर्म महाविद्यालय हा तोडगा निघाला. मँचेस्टरमध्ये झेवेरियन आणि लोरेटो या धर्मसंघांच्या जुन्या शाळा १९७७ मध्ये अशा महाविद्यालयांत रूपांतरित झाल्या.

लंडनमध्ये मात्र संघर्ष पेटला. १९८० च्या दशकात वेस्टमिन्स्टर धर्मप्रांताने अनेक शाळांचे वरचे वर्ग एकत्रित करण्याची योजना आखली. कार्डिनल वॉन यांच्या स्मरणार्थ १९१४ मध्ये स्थापन झालेल्या शाळेलाही आपला सिक्स्थ फॉर्म गमवावा लागणार होता. पालक आणि काही नियामक यांनी विरोध केला व प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. दोन्ही पक्षांकडे सबळ युक्तिवाद होता. दुर्बल शाळांतील मुलांनाही विषयांची निवड मिळावी, ही धर्मप्रांताची भूमिका न्याय्य होती. उलट, सर्वांत वरचा वर्ग गेला की चांगले शिक्षक जातात आणि लहान मुलांसमोरचा आदर्शही जातो, हे पालकांचे म्हणणे अनुभवसिद्ध होते. तराजूचे पारडे अखेर शासनाच्या एका कायद्याने फिरविले. १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने शाळांना पालकांच्या मतदानाद्वारे थेट केंद्रीय अनुदान घेण्याची मुभा दिली. कार्डिनल बेसिल ह्यूम यांचा या तरतुदीला विरोध होता. तरीही वॉन शाळेने १९९० मध्ये तो दर्जा मिळविला आणि आपला सिक्स्थ फॉर्म राखला. त्याच वर्षी उत्तर केन्सिंग्टनमध्ये सेंट चार्ल्स हे कॅथलिक सिक्स्थ फॉर्म महाविद्यालयही सुरू झाले. बिशपांची सत्ता पालकांनी राज्यसत्तेच्या आधाराने रोखावी, ही घटना ज्या समाजाने शतकानुशतके राज्यसत्तेपासून आपल्या शाळा वाचविल्या, त्याच्या इतिहासात विलक्षणच म्हटली पाहिजे.

महाविद्यालयांचा प्रश्न निराळ्या वळणाने पुढे गेला. १९९२ च्या कायद्यानुसार ती १९९३ मध्ये स्थानिक शिक्षण प्राधिकरणांच्या नियंत्रणातून मुक्त झाली. पुढे सिक्स्थ फॉर्म महाविद्यालयांना ‘अकॅडमी’ होण्याची वाट खुली झाली, तेव्हा कॅथलिक महाविद्यालये बाहेरच राहिली. त्या स्वरूपात धार्मिक ओळख जपण्याची कायदेशीर हमी नव्हती. ती तरतूद २०२२ च्या कायद्याने झाली.