मॅगझीन बदलायला वेळ नव्हता

माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा यशवंत घाडगे इटलीत पडला तेव्हा २२ वर्षांचा होता. आमच्या घरातली म्हातारी माणसं त्याच्याविषयी एकेरीतच बोलायची. माणगावला तहसील कचेरीजवळ त्याचा पुतळा आहे, व्हिक्टोरिया क्रॉसचा तो मानकरी. पण आजीच्या तोंडी तो कायम ‘घाडग्यांचा पोरगा’. मला तेच जवळचं वाटतं. पुतळा माणसाला वडीलधारा करून टाकतो. आजीने त्याचं वय वाढू दिलं नाही.

आजी पराक्रमाचं फारसं बोलायची नाही, ती दिवस सांगायची. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, लढाईची वर्षं, रेशनच्या रांगा, पावसावरची एकपिकी खाचरं आणि घरात खाणारी तोंडं ढीगभर. मिसरूड फुटलं की पोरगा मुंबईला गिरणीत जायचा, नाहीतर पलटणीत. ‘पोट नेतं गं पलटणीत, राजा कुठला न्यायला येतोय,’ ती म्हणायची. १९४२ साली ‘चले जाव’ म्हणत पोरं तुरुंगातही गेली. आजीने या दोघांना एकमेकांसमोर कधी उभं केलं नाही. आया दोन्हीकडच्या वाटेकडेच डोळे लावून बसलेल्या. पोस्टमन पाणंदीत दिसला की बायका आधी त्याच्या हाताकडे बघायच्या. मनिऑर्डरीचा फॉर्म असला तर जीव भांड्यात पडायचा. तार असली तर ती कोणाच्या दारात जाते ते कळेपर्यंत कोणी जागची हलायची नाही.

लढाईची बाजू मामाआजोबांकडे होती. ते पलटणीतलेच, पण ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. यशवंताची हकीकत त्यांनी बेळगावला, रेजिमेंटच्या केंद्रात ऐकलेली.

जून १९४४च्या सुरुवातीला रोम पडलं आणि जर्मन फौजा उत्तरेकडे हटू लागल्या. हटताना मात्र त्या टेकडीन्‌टेकडी लढवत होत्या. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १०व्या भारतीय डिव्हिजनमधली पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन पुढे सरकत होती. १० जुलैला तिच्या एका कंपनीने शत्रूच्या पक्क्या मोर्च्यावर हल्ला चढवला. नाईक यशवंत घाडगेच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. सेक्शनमधले सगळे ठार झाले किंवा जखमी होऊन पडले. उरला तो एकटा. मागून कोणी येणार नाही हे कळत असूनही तो थेट मशीनगनवर धावला. हातबॉम्ब फेकून त्याने गन आणि ती चालवणारा, दोन्ही बंद पाडले. टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. तेवढ्यात मॅगझीन रिकामं झालं.

इथे मामाआजोबा थांबायचे. कोपऱ्यातली काठी घ्यायचे आणि उलटी धरायचे. ‘अजून दोघं होती. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. त्यानं बंदूक नळीकडून धरली न्‌ दस्त्यानं दोघांना लोळवलं.’ मग काठी भिंतीला टेकवून तळवा आमच्यापुढे पसरायचे. ‘गोळ्या झाडल्यावर नळी किती तापते, ठाऊक आहे? चुलीतलं लाकूड पेटत्या टोकाला धरावं तशी. हात भाजला असणार पोराचा.’

सरकारी गौरवपत्रात हात भाजल्याचा उल्लेख नाही. बाकीचं सगळं त्यात आहे, जवळजवळ याच क्रमाने. पण मी ते वाचते तेव्हा मला तो तळवाच दिसतो. ज्याने स्वतः बंदूक धरली होती, त्यालाच ते सुचू शकलं.

मोर्चा हाती आला आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या यशवंताच्या छातीत नि पाठीत घुसल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्च्यातच तो गेला. आषाढातले दिवस होते ते. आमच्याकडे लावण्या चालू. ‘आम्ही गुडघाभर चिखलात होतो गं, तिकडे काय चाललंय कुणाला ठाऊक,’ आजी म्हणायची. पुढे व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हातून ते पदक त्याच्या पत्नीने घेतलं. त्यावर आजीचं एकच बोलणं असे: ‘पदक छातीवर लावायचं असतं. तिनं ते कुठं लावायचं?’

यशवंताची कबर कुठे आहे, याची नोंद नाही. कबर ठाऊक नसलेल्या चार हजारांवर सैनिकांची नावं कसिनोच्या स्मारकावर कोरली आहेत, त्यात त्याचं आहे. इटलीत ५० हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले, ५,७८२ मेले. त्या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा त्यांच्याकडे आले. २०२३ साली त्याच खोऱ्यातल्या मोंटोने गावाने यशवंताच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. परक्या गावाला आठवण राहिली याचं मला समाधान आहे, आणि आपल्याकडे ती तालुक्यापुरती उरली याचं दुःख. इंग्रजांच्या सैन्यात होता म्हणून त्याला बाजूला ठेवायचं, हे मला पटत नाही. २५ लाख माणसं त्या सैन्यात होती. ती आपल्याच घरांतून गेली, आणि त्यांनी पाठवलेल्या पैशांवर आपल्याच चुली पेटल्या.

गोष्ट संपली की आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. मामाआजोबांना ते रुचायचं नाही. ‘आणि त्याच्या सेक्शनची पोरं?’ ते विचारायचे. ‘तीही त्याच्याबरोबरच निघाली होती ना?’ गौरवपत्रात त्या पोरांची नावं नाहीत. ‘सेक्शनमधले सर्व’ अशा अर्थाच्या दोन-चार शब्दांत ती येतात आणि संपतात. त्यांच्याही दारात पोस्टमन गेला असेल. रेजिमेंटच्या जुन्या कागदांतून कोणीतरी ती नावं हुडकावीत आणि माणगावच्या पुतळ्याखाली, यशवंताच्या नावाशेजारी, गावासकट लिहावीत, असं मला फार वाटतं.